पहिल्या वर्षाची परिचारिका

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)

दर वर्षी १२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्मदिनी, रुग्णालयांतून परिचारिकांचा सत्कार होतो. गुलाबाची फुले वाटली जातात, मेणबत्त्या पेटविल्या जातात आणि एखादे पुढारी सेवा व त्याग यांवर अर्धा तास बोलून निघून जातात. सभागृहाच्या शेवटच्या रांगेत रात्रपाळी संपवून आलेली एक मुलगी त्या वेळी डुलक्या घेत असते. आजच्या भाषणाचा विषय ती मुलगी आहे. तिच्या त्यागाविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. तिच्या नोकरीच्या पहिल्या वर्षात तिला शिकविणारे, सावरणारे आणि सांभाळणारे कोण आहे, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही.

ही मुलगी बहुतेक वेळा खेड्यातून किंवा तालुक्याच्या गावातून आलेली असते. घरची शेती कोरडवाहू, किंवा वडील एस.टी.त नाहीतर साखर कारखान्यात नोकरीला. तिच्या शिक्षणासाठी कर्ज झालेले असते आणि धाकट्या भावंडांच्या शिक्षणाची आशा तिच्या पगाराकडे लागलेली असते. पदविका किंवा पदवी पुरी करून, महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नाव नोंदवून ती रुग्णालयात रुजू होते. पहिला आठवडा कोणाच्या तरी मागे फिरण्यात जातो. दुसऱ्या आठवड्यात ड्यूटीच्या तक्त्यावर तिचे नाव रात्रपाळीला लागते, आणि पुष्कळ ठिकाणी त्या पाळीला तिच्याबरोबर दुसरी परिचारिका नसते.

त्या रात्रीचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. संध्याकाळच्या पाळीची परिचारिका घाईघाईने 'ओव्हर' देते. कोणाला रक्त चालू आहे, कोणाचे ऑपरेशन सकाळी आहे, कोणाची लघवी मोजावयाची आहे, अशी चाळीस खाटांची हकीकत पंधरा मिनिटांत सांगून ती शेवटची गाडी पकडण्यासाठी निघून जाते. मध्यरात्र उलटते. एका खाटेवरच्या म्हाताऱ्याचे सलाईन निघून हात सुजलेला असतो. पलीकडच्या ओळीत एका बाईला धाप लागलेली असते. अपघात विभागातून नवा रुग्ण वर पाठवीत असल्याचा निरोप येतो. एक नातेवाईक औषधाच्या चिठ्ठीसाठी आवाज चढवून बोलू लागतो. निवासी डॉक्टर शस्त्रक्रियागृहात अडकलेला असतो. ही चारही कामे तिला येतात. चारही तिने परीक्षेत करून दाखविलेली असतात. यांतले पहिले कोणते करावयाचे, कोणते मावशींना सांगावयाचे आणि डॉक्टरला शस्त्रक्रिया थांबवून बोलावण्याइतकी धाप कोणती, हे मात्र तिला कोणत्याही पाठ्यपुस्तकाने शिकविलेले नसते. ते ज्ञान वॉर्डात असते, ज्येष्ठ परिचारिकेच्या डोळ्यांत आणि हातांत असते. आणि नेमक्या त्या रात्री ती ज्येष्ठ परिचारिका तेथे नसते.

वैद्यकीय शिक्षणाशी तुलना केली म्हणजे या व्यवस्थेतील विषमता स्पष्ट होते. डॉक्टर होणाऱ्या विद्यार्थ्याला अंतिम परीक्षेनंतर वर्षभर सक्तीने इंटर्न म्हणून काम करावे लागते, आणि त्यानंतरच त्याची कायम नोंदणी होते. पुढे तो निवासी डॉक्टर झाला तरी त्याच्यावर व्याख्याता असतो, व्याख्यात्यावर प्राध्यापक असतो. निवासी डॉक्टरांची पिळवणूक होते हे खरेच आहे. परंतु नवा डॉक्टर हा अजून शिकत असलेला माणूस आहे, हे तत्त्व तरी तेथे मान्य झालेले आहे. परिचारिकेच्या अभ्यासक्रमातही आता इंटर्नशिप आहे. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ साली सुधारलेल्या पदवी अभ्यासक्रमात शेवटचे सत्र त्यासाठी ठेवले आहे. पण ज्या वॉर्डात मंजूर पदे रिकामी असतात, तेथे ही विद्यार्थिनी पहिल्या दिवसापासून रिकाम्या पदाची भरपाई म्हणून वापरली जाते. तिच्याकडून काम करून घेतले जाते. काम का व कसे करावयाचे हे सांगावयास कोणाला सवड नसते. आणि ज्या दिवशी ती पास होते, त्या दिवशी ती पूर्ण तयार झाली असे सर्वांनी मानलेले असते.

हे मानणे शास्त्राला धरून नाही. अमेरिकेतील परिचर्याशास्त्राच्या अभ्यासक मार्लीन क्रेमर यांनी १९७४ साली याच विषयावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. नव्या परिचारिका व्यवसाय सोडून का जातात, हा त्यांचा प्रश्न होता. विद्यालयात मुलीला शिकविले जाते की, प्रत्येक रुग्ण हा संपूर्ण माणूस आहे, त्याच्याशी बोलावे, त्याची भीती जाणून घ्यावी. वॉर्डात तिला दिसते की शाबासकी मिळते ती वेळेत कामे उरकणाऱ्या परिचारिकेला. या दोन जगांच्या टकरीतून जो धक्का बसतो, त्याला क्रेमर यांनी वास्तवाचा धक्का म्हटले. नवखेपणाची पहिली हौस ओसरली की हा धक्का बसतो. त्यातून काही जणी सावरतात. काही जणी कटू होतात आणि शिकलेले विसरून यंत्रासारखे काम करू लागतात. काही जणी निघून जातात. कॅनडातील ज्युडी डचशर यांनी पुढे २००९ साली हाच विचार अधिक विस्ताराने मांडला. पहिल्या काही महिन्यांत नव्या परिचारिकेची झोप, तिचा आत्मविश्वास, तिचे नातेसंबंध आणि ज्ञानावरचा तिचा भरवसा हे सारेच कसे एकदम हलून जाते, हे त्यांनी दाखवून दिले.

पॅट्रिशिया बेनर यांचा १९८४ सालचा ग्रंथ या प्रश्नाची दुसरी बाजू उलगडतो. नवशिकी ते तज्ज्ञ असा परिचारिकेचा प्रवास त्यांनी पाच पायऱ्यांत मांडला आहे. त्यांच्या मांडणीप्रमाणे नुकतीच पास झालेली मुलगी दुसऱ्या पायरीवर असते. या पायरीवरील माणसाला नियम ठाऊक असतात, पण सगळे नियम सारख्याच वजनाचे वाटतात. महत्त्वाचे आणि बिनमहत्त्वाचे यांतला फरक तिला अजून दिसत नाही. तो फरक दिसू लागण्यास अनुभव लागतो, आणि अनुभवाचे ज्ञान होण्यासाठी शेजारी उभे राहून 'हे बघ, हा श्वास वेगळा आहे' असे सांगणारे कोणी तरी लागते. वर उल्लेखिलेल्या रात्री त्या मुलीची जी तारांबळ उडते, ती तिच्या आळसामुळे किंवा हुशारीच्या अभावामुळे उडत नाही. ती ज्या पायरीवर आहे त्या पायरीवरील कोणाचीही तशीच उडेल. दोष आहे तो दुसऱ्या पायरीवरील व्यक्तीला पाचव्या पायरीचे काम एकटीने करावयास लावणाऱ्या व्यवस्थेचा.

या दोषाची किंमत कोण मोजतो? पहिल्याने रुग्ण मोजतो. पोटॅशियम क्लोराइडचे इंजेक्शन सलाईनमध्ये मिसळून हळूहळू द्यावयाचे असते. ते तसेच शिरेतून दिले गेले तर माणसाचे हृदय बंद पडू शकते. शेजारच्या साध्या औषधाची कुपी जवळजवळ तशीच दिसते. पहाटे चार वाजता, बाराव्या तासाला, मंद दिव्याखाली दोन कुपींत गल्लत होण्यास कोणी राक्षस असावे लागत नाही. अशा वेळी जागरूक रुग्णालय विचारते, या दोन कुपी एका कप्प्यात का होत्या, आणि दुसरी परिचारिका तपासावयास का नव्हती. आपल्याकडील पुष्कळ रुग्णालये विचारतात, ड्यूटीवर कोण होती. नोंदवही उघडली जाते, सही सापडते, मेमो निघतो आणि चौकशी संपते. परिणाम असा होतो की पुढची मुलगी चूक लपविण्यास शिकते. थोडक्यात टळलेली चूक कोणी सांगत नाही, आणि तीच चूक दुसऱ्या वॉर्डात दुसऱ्या माणसाच्या जिवावर बेतते.

येथे एक अवघड गोष्टही स्पष्टपणे बोलली पाहिजे, कारण संघटनेचे काम करणाऱ्यांनी आपल्याच माणसांविषयीचे सत्य टाळून चालत नाही. नवीन मुलीला सर्वांत कडू शब्द पुष्कळदा ज्येष्ठ परिचारिकेकडूनच ऐकावे लागतात. रुग्णांसमोर पाणउतारा, सलग रात्रपाळ्या, प्रश्न विचारला तर 'एवढेही येत नाही का?' हे उत्तर. आणि यावर ठरलेले समर्थन असते: आम्हीही असेच शिकलो. हे समर्थन ऐकून संताप येण्यापूर्वी त्या ज्येष्ठ परिचारिकेचा दिवस पाहावा. तिच्याकडे दोन वॉर्ड असतात, औषधांचा साठा असतो, कपडे धुलाईचा हिशेब असतो, डॉक्टरांचा राऊंड असतो, आणि शिवाय ही नवी मुलगी. शिकविण्यासाठी तिला वेळ दिलेला नसतो, त्याचा मोबदला नसतो, त्याची नोंदही नसते. शिकविणे हे जेथे कोणाचेच काम म्हणून मान्य नाही, तेथे शिकणारी मुलगी प्रत्येकीला ओझे वाटते. वरून दाबल्या गेलेल्या माणसाने खालच्याला दाबावे, हा श्रमिकांच्या जगातला जुना अनुभव आहे. त्यावर उपदेशाचा उपयोग होत नाही; दाब कमी करावा लागतो.

आता खाजगी रुग्णालयांकडे वळावे. तेथे नव्या परिचारिकेच्या पहिल्या वर्षाला आणखी एक फास असतो, तो म्हणजे करारपत्राचा. एक-दोन वर्षे नोकरी सोडणार नाही असे लिहून घ्यावयाचे, मूळ प्रमाणपत्रे ठेवून घ्यावयाची, आणि मध्येच सोडल्यास मोठी रक्कम मागावयाची, ही रीत वर्षानुवर्षे चालत आली. २०११ साली मुंबईतील एका खाजगी रुग्णालयात केरळहून आलेल्या एका तरुण परिचारिकेने आत्महत्या केली, तेव्हा या रीतीविरुद्ध परिचारिका रस्त्यावर आल्या. भारतीय परिचर्या परिषदेनेही ही करारपद्धती अयोग्य ठरविली. त्याच काळात केरळात युनायटेड नर्सेस असोसिएशन ही संघटना उभी राहिली.

वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. भारतीय प्रशिक्षित परिचारिका संघाच्या याचिकेवर २०१६ च्या जानेवारीत न्यायालयाने केंद्र सरकारला समिती नेमण्यास सांगितले. त्या समितीने त्याच वर्षी शिफारस केली की, दोनशेहून अधिक खाटांच्या खाजगी रुग्णालयात परिचारिकेचे वेतन सरकारी परिचारिकेइतके असावे. शंभराहून अधिक खाटा असतील तर ते दहा टक्क्यांहून अधिक कमी नसावे. पन्नास ते शंभर खाटांच्या रुग्णालयात ते पंचवीस टक्क्यांहून अधिक कमी नसावे. आणि पन्नासांहून कमी खाटा असल्या तरी दरमहा वीस हजार रुपयांच्या खाली ते जाऊ नये. ही शिफारस अमलात आणण्याची जबाबदारी राज्यांवर आली. केरळात परिचारिकांनी संपाचे हत्यार उपसले, आणि २०१८ साली तेथील सरकारला किमान वेतनाची अधिसूचना काढावी लागली. कागदावरची शिफारस आणि हातात पडणारा पगार यांच्यामध्ये संघटना उभी राहावी लागते, हा त्याचा धडा आहे.

वेतनाचा आणि पहिल्या वर्षातील शिकण्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध अगदी सरळ आहे. तुटपुंज्या पगारात खोलीचे भाडे आणि कर्जाचा हप्ता भागत नाही, म्हणून मुलगी दोन ठिकाणी पाळ्या करते. झोप न झालेले डोके शिकत नाही. आणि वर्ष-दीड वर्षात जरा हात बसला की ती चांगल्या पगारासाठी आखातात किंवा इंग्लंडला जाण्याच्या तयारीला लागते. तिला दोष देण्याचे कारण नाही. पण वॉर्डात मग पुन्हा एक नवखी मुलगी येते, आणि तिला शिकविण्याइतकी जुनी अशी कोणी उरतच नाही.

सरकारी रुग्णालयांत नोकरी कायम असे, म्हणून तेथे ज्ञानाची साखळी टिकून राहिली होती. परिसेविका पंधरा-वीस वर्षांचा अनुभव घेऊन वॉर्डात उभी असे, अधिसेविका साऱ्या रुग्णालयाची घडी ओळखून असे. आता तीच साखळी कंत्राटी भरतीने तोडली जात आहे. २०२२ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातील सरकारी परिचारिकांनी बाह्य संस्थेमार्फत भरती करण्याच्या निर्णयाविरुद्ध संप केला, तेव्हा वृत्तपत्रांनी तो रुग्णांच्या गैरसोयीचा प्रश्न म्हणून मांडला. वास्तविक तो रुग्णांच्या सुरक्षिततेचाच प्रश्न होता. अकरा महिन्यांच्या करारावर आलेल्या मुलीला कोण मन लावून शिकवील? आणि करार पुढे चालू राहील की नाही याची धास्ती असलेली मुलगी स्वतःची चूक कशी सांगेल?

परिचारिकाच मिळत नाहीत, हे उत्तर नेहमी पुढे केले जाते. १९४६ साली भोर समितीने अहवाल दिला, तेव्हा ते उत्तर खरे होते. त्या वेळी देशात प्रशिक्षित परिचारिका सुमारे सात हजार होत्या. २०२२ साली केंद्र सरकारनेच सांगितलेल्या आकड्याप्रमाणे देशात नोंदलेल्या परिचारिका व सुईणी तेहतीस लाखांहून अधिक होत्या. त्यांतल्या कित्येक परदेशी गेल्या असतील, कित्येकींनी काम सोडले असेल, हे धरूनही आजची टंचाई मुख्यतः पदांची आणि पगाराची टंचाई आहे. प्रशिक्षित मुलगी घरी बसलेली आहे आणि वॉर्डात पद रिकामे आहे, या दोन्ही गोष्टी एकाच जिल्ह्यात पाहावयास मिळतात. २०२१ च्या मे महिन्यात करोनाची दुसरी लाट उसळली, तेव्हा याच मुलींची आठवण झाली. पदवी वा पदविका घेतलेल्यांना ज्येष्ठ परिचारिकांच्या देखरेखीखाली कामावर घ्यावे आणि शंभर दिवस काम करणाऱ्यांना पुढील नियमित सरकारी भरतीत प्राधान्य द्यावे, असे केंद्राने जाहीर केले. देखरेखीची गरज आहे हे संकटात मान्य झाले. ते नित्याच्या दिवसांत मान्य होत नाही.

वॉर्डातील संख्येचा प्रश्न तर जीवन-मरणाचा आहे. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण शिक्षण-रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक असे आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली दाखविले की, शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत परिचारिकेमागे एकेक रुग्ण वाढला की, तीस दिवसांच्या आत मृत्यू येण्याचा संभव सुमारे सात टक्क्यांनी वाढतो. एकेका रुग्णाचा हा हिशेब असेल, तर आपल्या रात्रपाळीचा हिशेब ज्याने त्याने मांडावा. कॅलिफोर्नियात परिचारिकांच्या संघटनेने वर्षानुवर्षे लढून १९९९ साली संख्येचा कायदा करून घेतला आणि २००४ पासून तो अमलात आला. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात परिचारिकांनी २००० साली हेच प्रमाण औद्योगिक निवाड्यातून मिळविले, आणि २०१५ साली त्याचा कायदा झाला. ही प्रमाणे कोणा दयाळू व्यवस्थापकाने दिलेली नाहीत.

नवोदितांना हात देण्याची कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. सावित्रीबाई फुले १८९७ साली प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता त्याच रोगाने गेल्या, हे प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक आहे. त्यानंतरच्या पिढीत रमाबाई रानडे यांनी पुण्याच्या सेवासदनातर्फे तरुण स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठविण्याचा उपक्रम चालविला. त्या काळी परक्या पुरुषाच्या जखमेला हात लावणारी स्त्री समाजाच्या दृष्टीने बाटलेली होती. अशा मुलींना नुसते शिक्षण देऊन भागणार नाही, त्यांना राहावयास जागा, सोबत आणि पाठीशी उभी राहणारी माणसे हवीत, हे रमाबाईंनी ओळखले, आणि म्हणून वसतिगृह उभे राहिले. निंदेचा रोख आज बदलला असेल. एकटेपण तेच आहे.

मग करावयाचे काय? परदेशांत याचे काही आराखडे तयार आहेत. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकापासून नव्या परिचारिकेला अनुभवी सहकारिणीच्या हाताखाली काही महिने ठेवण्याची शिफारस होत आली. स्कॉटलंडने २००६ साली त्यासाठी राज्यव्यापी कार्यक्रम सुरू केला आणि इंग्लंडने २०२२ साली राष्ट्रीय आराखडा काढला. तेथेही सारे आलबेल नाही. वॉर्डात माणसे कमी पडली की शिकण्याचा राखीव वेळ प्रथम खाल्ला जातो, ही तक्रार तेथील परिचारिका करतात. म्हणून आराखडा उचलताना त्याच्याबरोबर संख्येची हमीही मागितली पाहिजे.

आपल्या परिस्थितीत मागणीचे स्वरूप साधे ठेवता येईल. नव्या परिचारिकेला पहिले काही आठवडे पाळीच्या संख्येत धरू नये. ती ज्यादा असावी. पहिल्या सहा महिन्यांत तिला एकटीला रात्रपाळी देऊ नये. प्रत्येक नव्या मुलीसाठी एक मार्गदर्शक परिचारिका नावानिशी नेमावी. त्या मार्गदर्शिकेचे रुग्ण कमी करावेत, तिला या कामाचा भत्ता द्यावा आणि बढतीच्या वेळी त्याची नोंद घ्यावी. महिन्यातून एकदा नव्या मुलींनी एकत्र बसून, वरिष्ठांच्या धाकाशिवाय, काय जमले आणि काय चुकले हे बोलावे, आणि तो वेळ कामाचा वेळ धरावा. प्रामाणिकपणे सांगितलेल्या चुकीची चौकशी शिक्षेसाठी होऊ नये, पुन्हा ती घडू नये यासाठी व्हावी. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवणाऱ्या संस्थेवर कारवाई व्हावी. यांतल्या कोणत्याही मागणीला नवे यंत्र लागत नाही, परदेशी तज्ज्ञ लागत नाही. माणसे लागतात, आणि ती पगार देऊन ठेवावी लागतात.

सुरक्षिततेचा प्रश्न यांत सर्वांत आधी यावयास हवा. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात अरुणा शानबाग ही तरुण परिचारिका काम संपवून कपडे बदलावयास तळघरात गेली असता तिच्यावर रुग्णालयातीलच एका सफाई कामगाराने पाशवी हल्ला केला. परिचारिकांनी तेव्हा सुरक्षिततेच्या मागणीसाठी काम बंद ठेवले. पुढे १८ मे २०१५ पर्यंत, एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्याच रुग्णालयातील परिचारिकांच्या पिढ्यांनी अंथरुणाला खिळलेल्या आपल्या या सहकारिणीची शुश्रूषा केली. जगाच्या इतिहासात एका व्यवसायातील भगिनीभावाचे असे उदाहरण क्वचितच सापडेल. परंतु त्या मूळ मागणीचे काय झाले? २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या सरकारी रुग्णालयात रात्रपाळीच्या डॉक्टर मुलीची हत्या झाली, तेव्हा देशाला पुन्हा कळले की स्त्रियांना विश्रांतीसाठी धड खोली नाही, वाटेवर दिवा नाही. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ होऊ नये म्हणून २०१३ चा कायदा आहे आणि दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक संस्थेत अंतर्गत समिती बंधनकारक आहे. त्या समितीत कोण आहे आणि तिच्याकडे कसे जावयाचे, हे नव्या परिचारिकेला रुजू होण्याच्या दिवशीच लेखी मिळाले पाहिजे.

साथींनो, हे सारे परिचारिका संघटनांचे काम आहे, कार्यकर्त्यांनी त्यात काय करावे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. पण रुग्णालयात गोंधळ होतो तेव्हा नातेवाइकांच्या घोळक्याबरोबर प्रथम पोचतो तो कार्यकर्ताच. त्या क्षणी टेबलामागे उभी असलेली बावीस वर्षांची मुलगी त्याला व्यवस्थेची प्रतिनिधी वाटते, आणि साऱ्या व्यवस्थेवरचा राग तिच्यावर निघतो. जो कार्यकर्ता त्या वेळी 'आज या वॉर्डात रुग्ण किती आणि परिचारिका किती?' एवढा प्रश्न अधीक्षकाला लेखी विचारील, तो रुग्णाचेही भले करील आणि त्या मुलीचेही. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात मंजूर पदे किती व भरलेली किती, हे माहितीच्या अधिकारात मागता येते. रुग्ण कल्याण समितीत, नगरपालिकेत, जिल्हा परिषदेत हा विषय काढता येतो. गावाबाहेरून आलेल्या मुलींना खोली मिळवून देणे, रात्रीच्या पाळीनंतर जाण्यायेण्याची सोय करावयास लावणे, ही तर कोणत्याही शाखेला उद्यापासून करता येण्यासारखी कामे आहेत. आणि रुग्णाचे हित व कर्मचाऱ्याचे हित परस्परांविरुद्ध आहे, ही जी समजूत पसरविली जाते, ती वॉर्डातल्या अशा कामानेच खोडून निघेल.

आज रात्रीही राज्यातल्या किती तरी वॉर्डांत एखादी नवी मुलगी पहिल्यांदाच एकटीने 'ओव्हर' घेईल. मध्यरात्री कोणाला तरी धाप लागेल आणि ती वळून मागे पाहील. त्या वेळी तिच्या मागे कोणी उभे असावे, एवढीच ही मागणी आहे. त्या खाटेवर कोणाचा बाप असेल, कोणाची आई असेल. कदाचित येथे बसलेल्यांपैकीच कोणाची असेल.